कुत्र्याच्या अंगाला गाठ लागली तर: बोटांनी चाचपण्यापासून सुईच्या तपासणीपर्यंत

अंघोळ घालताना, गोचीड शोधताना किंवा नुसता पाठीवरून हात फिरवताना बोटांखाली काहीतरी लागतं. वाटाण्याएवढं, सुपारीएवढं, कधी लिंबाएवढं. घरात लगेच दोन तट पडतात. एकाला वाटतं चरबीची गाठ आहे, राहू दे; दुसऱ्याच्या मनात कॅन्सर येतो. खरं तर दोघांनाही ते बोटांनी कळलेलं नसतं, आणि अनुभवी पशुवैद्यालाही ते नुसत्या बोटांनी कळत नाही. मऊ, सरकणारी, न दुखणारी गाठ बऱ्याचदा चरबीचीच निघते. पण तितकीच मऊ आणि तितकीच सरकणारी मास्ट सेल ट्यूमरची गाठही असते, आणि कुत्र्यांच्या त्वचेच्या घातक गाठींत सर्वांत जास्त आढळते ती हीच. या दोघींतला फरक बारीक सुईने काढलेल्या थेंबभर नमुन्यात बहुतेक वेळा दिसून येतो. त्या सुईपर्यंत वेळेत कसं पोचायचं, ते इथे सांगितलं आहे.

महिन्यातून एकदा, नाकापासून शेपटीपर्यंत

तारीख ठरवून ठेवा, नाहीतर राहून जातं. कुत्रा उभा असताना सुरुवात करा आणि दोन्ही हात दोन्ही बाजूंना एकाच वेळी फिरवा. डाव्या बाजूला जे लागतं ते उजवीकडेही लागत असेल, तर बहुधा तो शरीराचाच भाग असतो. बोटांची टोकं टोचू नका. बोटं सपाट ठेवून कातडी खालच्या मांसावर हलकेच सरकवत पुढे जा. लांब केसांच्या कुत्र्याचे केस उलटे फिरवून कातडी बघा.

ओठ उचलून हिरड्या आणि टाळू पाहा. मग कान आतून-बाहेरून, जबड्याखाली, मान, खांद्याचा पुढचा भाग, काख, बरगड्या, पोट, जांघ, मांडीची मागची बाजू, प्रत्येक पंजाच्या बोटांमधल्या फटी आणि शेवटी शेपूट वर करून गुदद्वाराभोवती. काख, जांघ आणि बोटांच्या फटी या तीन जागा हमखास राहतात, म्हणून तिथे मुद्दाम थांबा.

निरोगी कुत्र्याच्या अंगावरही गाठीसारख्या काही जागा लागतात आणि लोक घाबरतात. नर कुत्र्यालाही पोटावर दोन ओळींत सड असतात. त्यांना गोचीड समजून ओढणारे कमी नाहीत. शेवटच्या बरगडीचं टोक पोटाच्या बाजूला मोकळं असतं, ते हडकुळ्या कुत्र्यात बोराएवढं लागतं. छातीच्या हाडाचं मागचं टोक पोटाच्या सुरुवातीला टोचतं. नर उत्तेजित झाला की लिंगाच्या मुळाशी दोन गोल फुगवटे येतात, ते थोड्या वेळाने आपोआप उतरतात. जबड्याच्या कोपऱ्याखाली दोन्हीकडे लागणारा गुळगुळीत गोळा लाळेच्या ग्रंथीचा असतो. त्याच्या जरा पुढे त्याहून लहान लिम्फ नोड, म्हणजे संसर्गाशी लढणाऱ्या पेशींच्या छोट्या ग्रंथी, असतात.

लिम्फ नोड कुठे असतात हे एकदा पशुवैद्यांकडून हात धरून शिकून घ्या: जबड्याखाली, खांद्यापुढे, काखेत, जांघेत आणि गुडघ्याच्या मागे. काखेतले आणि जांघेतले सहसा हाताला लागत नाहीत. गुडघ्यामागचा वाटाणा-घेवड्याएवढा लागणं ठीक आहे. पण यांतले अनेक नोड दोन्ही बाजूंना एकदम सुपारीएवढे किंवा त्याहून मोठे लागले, तर तो त्वचेचा आजार नव्हे. लिम्फोमा, म्हणजे याच नोडांचा कॅन्सर, असू शकतो, किंवा आपल्याकडे सर्रास आढळणारा गोचीड ताप. रक्ताची तपासणी आणि नोडला सुई, दोन्ही त्याच आठवड्यात करून घ्या.

गोचीड काढल्यावर त्या जागी पंधरा-वीस दिवस टणक पुळी राहते, ती बहुधा आपणहून बसते. गोचीड चिमट्याने कातडीलगत पकडून सरळ वर ओढायची. रॉकेल, काडी, उदबत्ती यांनी कातडी भाजते एवढंच होतं.

मोजा, फोटो काढा, खूण करा

गाठ सापडली की तिची नोंद करा. “छोटी होती, आता जरा मोठी वाटते” यावरून डॉक्टरांना काहीच ठरवता येत नाही. “८ जूनला ९ मिलिमीटर, ६ जुलैला १४” यावरून बरंच काही ठरतं. मोजायला व्हर्नियर कॅलिपर उत्तम, हार्डवेअरच्या दुकानातला साधा प्लॅस्टिकचाही चालतो. तो नसेल तर शाळेची पट्टी गाठीशेजारी ठेवून फोटो काढा. पट्टीऐवजी नाणं ठेवू नका. रुपयाचं नाणं काढलेल्या वर्षानुसार लहान-मोठं असतं आणि दोन फोटोंची तुलना फसते.

जागाही नीट लिहा: डावी बाजू, शेवटच्या बरगडीच्या चार बोटं पुढे, कण्यापासून एक वीत खाली. कातडीतच आहे की कातडीखाली सरकते, केस गेलेत का, रंग काय, दाबल्यावर कुत्रा मागे वळून बघतो का, हेही नोंदवा. दवाखान्यात निघण्यापूर्वी गाठीभोवती मार्करने गोल काढा किंवा तिथले केस थोडे कापा. घरी अर्ध्या मिनिटात सापडणारी गाठ टेबलावर बिथरलेल्या, अंग आकसलेल्या कुत्र्याच्या अंगावर सापडत नाही, आणि माणसं तशीच परत येतात.

एकदा मोजली की दर चार तासांनी चिवडत बसू नका. का, ते मास्ट सेलच्या भागात कळेल.

किती दिवस थांबायचं

गाठ १ सेंटिमीटर किंवा त्याहून मोठी असेल, किंवा कितीही लहान असली तरी महिनाभर टिकून राहिली असेल, तर सुई लावून घ्या. एवढा एक नियम पाळला तरी पुष्कळ कुत्री वाचतात. “मोठी झाली तर बघू” म्हणून थांबण्यातला तोटा साध्या हिशेबाने कळतो. मास्ट सेलची गाठ काढताना तिच्या चहूबाजूंनी साधारण २ सेंटिमीटर निरोगी कातडी आणि खालचा एक थर घ्यायची पद्धत आहे. गाठ १ सेंटिमीटरची असताना हा तुकडा ५ सेंटिमीटर रुंद होतो. तीच गाठ ४ सेंटिमीटरची झाली की ८ सेंटिमीटर. पाठीवर सैल कातडी असते, तिथे हे निभतं. पुढच्या पायावर मनगटाजवळ तेवढी कातडीच नसते. मग गाठ अर्धवट निघते किंवा पाय काढायची वेळ येते.

काही वेळा महिना सोडाच, दिवसभरही थांबायचं नसतं. गाठ दोन-चार दिवसांत दुप्पट झाली, फुटून रक्त थांबेना, तिच्याबरोबर उलट्या किंवा डांबरासारखी काळी शी सुरू झाली, गळ्यापाशी सूज येऊन श्वास लागला, तर त्याच दिवशी दवाखाना. गरम, दुखरी सूज असेल तर गुदद्वारातून ताप मोजा. कुत्र्याचं नेहमीचं तापमान १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट असतं. १०३ च्या वर गेलं की ताप समजा. पिल्लाच्या बेंबीवरचा मऊ फुगा दाबल्यावर आत जात असेल तर तो हर्निया आहे, सावकाश दाखवला तरी चालतं. तोच फुगा कडक झाला, दुखू लागला, आत जाईना, तर आतडं अडकलेलं असू शकतं. रात्र असली तरी निघा. आणि तास-दोन तासांत तोंड सुजून अंगभर गांध्या उठल्या तर ती ॲलर्जी आहे: मधमाशी, गांधीलमाशी, नवं औषध, लस. तीही तातडीचीच.

रोजच्या पाहण्यातल्या गाठी

चरबीची गाठ, म्हणजे लायपोमा, मध्यम वयापुढच्या आणि अंगाने भरलेल्या कुत्र्यांत दिसते. लॅब्रॅडॉरमध्ये तर फारच. ती मऊ असते, कातडीखाली सरकते, सावकाश वाढते. सुईने तपासून नक्की झालं असेल आणि चालण्यात अडथळा नसेल, तर ती राहू द्यायला हरकत नाही. काखेतली मात्र लहान असतानाच काढलेली बरी. वाढली की पाय टाकताना घासते. मात्र एका गाठीला सुई लावून चरबी निघाली म्हणजे अंगावरच्या पाचही गाठी चरबीच्या, असं धरू नका. प्रत्येकीला वेगळी सुई, प्रत्येकीची वहीत वेगळी नोंद. सुई चुकून गाठीशेजारच्या चरबीत गेली तरी नमुन्यात चरबीच दिसते, म्हणून “लायपोमा” असा शिक्का बसलेली गाठ नंतर टणक झाली किंवा भरभर वाढू लागली तर पुन्हा तपासा. सॉफ्ट टिश्यू सार्कोमा नावाचा कॅन्सर हाताला चरबीच्या गाठीसारखाच लागू शकतो आणि सुईत पेशी सहज सोडत नाही.

तीन वर्षांखालच्या कुत्र्याच्या चेहऱ्यावर, कानावर किंवा पायावर काही दिवसांत उगवलेलं लाल, बिनकेसांचं, गुळगुळीत बटण बहुधा हिस्टिओसायटोमा असतं. ते सहसा दोन-तीन महिन्यांत शरीर स्वतःच संपवतं. तरी सुई लावाच, कारण मास्ट सेलचं बटणही असंच दिसतं. ही गाठ शरीराच्या प्रतिकारशक्तीने जाते, म्हणून तिच्यावर स्टेरॉइड दिलं की बरं होणं लांबतं.

पिल्लांच्या ओठांवर आणि तोंडात फ्लॉवरच्या तुऱ्यासारख्या चामखिळी येतात. हा विषाणू कुत्र्याकडून कुत्र्याला लागतो, माणसाला नाही. पाण्याची आणि जेवणाची भांडी वेगळी ठेवा, इतर पिल्लांशी खेळणं थांबवा. बहुतेकांच्या चामखिळी एक ते पाच महिन्यांत गळून पडतात. याच काळात जे औषध चालू असेल त्याला श्रेय मिळतं, थुजा या होमिओपॅथीच्या औषधाची ख्याती बरीचशी अशीच झाली आहे. गिळता येईना किंवा चावताना रक्त येऊ लागलं तरच काढाव्या लागतात.

म्हाताऱ्या कुत्र्यांना, विशेषतः पूडल आणि कॉकर स्पॅनियलना, अंगभर लहान, खरबरीत, तेलकट फोड येतात. ते तेलग्रंथींचे असतात. घासून रक्त येत नसेल तर त्रास देत नाहीत.

कातडीतच असलेली, गोल, कधी मध्यभागी काळा ठिपका असलेली गाठ म्हणजे सिस्ट. तिच्यात चक्क्यासारखा घट्ट पांढरट मळ भरलेला असतो. पिळायचा मोह होतो, पण पिळू नका. तिची भिंत आतल्या बाजूने फुटली की तो मळ मांसात पसरतो, शरीर त्याला परकी वस्तू मानून भांडायला लागतं, आणि वाटाण्याची जागा लाल, चिघळलेलं बेंड घेतं.

गळू वेगळं ओळखू येतं: एक-दोन दिवसांत येतं, गरम असतं, दुखतं, आठवड्यापूर्वी दुसऱ्या कुत्र्याशी मारामारी झालेली असते. दाताचं भोक वरून बुजतं आणि पू आत कोंडतो. पावसाळ्यानंतर रानात फिरणाऱ्या कुत्र्यांच्या बोटांमध्ये कुसळ शिरूनही असंच होतं. कुसळ निघेपर्यंत जखम भरते आणि पुन्हा फुटते.

मोठ्या, जड कुत्र्यांच्या कोपरांवर पाणी भरल्यासारखी मऊ सूज येते. शहाबादी किंवा टाइल्सच्या फरशीवर धपकन बसून बसून ती येते. सुईने पाणी काढलं तर पुन्हा भरतं आणि वर जंतू आत जातात. जाड गादी किंवा दोन-तीन पदरी गोधडी हाच उपाय, आणि कुत्रा जिथे खरोखर झोपतो तिथे ती टाकायची.

शेपटीखालच्या गाठींत दोन प्रकार वेगळे ठेवा. नसबंदी न झालेल्या म्हाताऱ्या नराच्या गुदद्वाराभोवतीची गाठ बहुधा साधी असते आणि वृषण काढल्यावर आटते. पण घड्याळात चार आणि आठ जिथे असतात त्या जागांवर, गुदद्वाराच्या आतल्या बाजूच्या पिशव्यांत टणक गाठ लागली, आणि कुत्रा अचानक खूप पाणी प्यायला लागला असेल, तर रक्तातलं कॅल्शियम तपासून घ्या. या पिशव्यांच्या कॅन्सरमध्ये ते वाढू शकतं.

एकाच बोटाचं नखुर्डं औषधांनी महिनाभर बरं होत नसेल, नख हलत असेल, तर पंजाचा एक्स-रे काढायला सांगा. नखाच्या मुळाशी होणारे कॅन्सर सुजलेल्या बोटाच्या रूपातच दिसतात, आणि काळ्या रंगाच्या मोठ्या कुत्र्यांत त्यांची शंका लवकर घ्यावी. तिथे जंतुसंसर्ग समजून औषधं बदलत राहण्यात महिने जातात. बोट काढलं तरी कुत्रा नीट चालतो.

मास्ट सेल: हात लावला की फुगणारी

मास्ट सेल म्हणजे ॲलर्जीच्या वेळी हिस्टमीन सोडणारी पेशी. तिचा ट्यूमर झाला की त्यात हिस्टमीनचा साठाच असतो. अशी गाठ चोळली, दाबली की तो साठा बाहेर पडतो. दहा-पंधरा मिनिटांत गाठ लाल होते, फुगते, भोवती गांधी उठते. दुसऱ्या दिवशी पुन्हा लहान. “कमी-जास्त होतेय म्हणजे कॅन्सर नसणार” असा निष्कर्ष इथे नेमका उलटा ठरतो. दिवसागणिक लहान-मोठी होणारी गाठ दिसली की मास्ट सेलचाच संशय आधी घ्या. तेच हिस्टमीन पोटात आम्ल वाढवतं, त्यामुळे अल्सर, उलट्या, काळी शी. बॉक्सर, पग, बुलडॉग, लॅब्रॅडॉर, गोल्डन रिट्रीव्हर यांच्यात ही गाठ जास्त दिसते. पगच्या अंगावर एकाच वेळी अनेक येतात, पण बहुतेक सौम्य निघतात.

अशी शंका असेल तर कुत्र्याला ती चाटू-खाजवू देऊ नका, गळ्यात नरसाळ्यासारखा प्लॅस्टिकचा कोन घाला. सुई लावण्याआधी आणि ऑपरेशनआधी डॉक्टर ॲलर्जीविरोधी औषध देतात ते याचसाठी.

मादीच्या स्तनांतल्या गाठी

नसबंदी न झालेल्या मादीत ही सगळ्यात महत्त्वाची तपासणी. सहसा पाच जोड्या असतात. मागच्या दोन जोड्यांत, जांघेच्या बाजूला, गाठी जास्त येतात. मादीला उताणी झोपवून प्रत्येक सड आणि त्याच्याभोवतीचा भाग अंगठा आणि बोटांच्या चिमटीत घेऊन तपासा. तांदळाच्या दाण्याएवढी खडीसुद्धा नोंदवा.

यांतल्या साधारण निम्म्या गाठी घातक निघतात. सुईच्या तपासणीत इथे साधी की घातक हे खात्रीने सांगता येत नाही, म्हणून स्तनातली गाठ काढून तपासायची असते. ३ सेंटिमीटरच्या आत असताना काढली तर पुढचं आयुष्य बरंच चांगलं जातं. ऑपरेशनआधी छातीचे एक्स-रे तीन बाजूंनी काढायला सांगा: उजव्या कुशीवर, डाव्या कुशीवर आणि उताणं किंवा पालथं. एकाच बाजूच्या एक्स-रेत फुप्फुसातला लहान ठिपका लपून राहतो.

हीटनंतर, म्हणजे मादी माजावर येऊन गेल्यावर, दीड-दोन महिन्यांनी खोट्या गर्भारपणात स्तन सुजतात, दूधही येतं. ते काही आठवड्यांत ओसरतं. पण पिल्लं नाहीत, दूध नाही, आणि स्तनांची पूर्ण ओळ लाल, गरम, फळीसारखी कडक, हात लावू न देणारी झाली असेल, तर स्तनदाह समजून नुसती ॲंटिबायोटिक्स देत राहू नका. हा स्तनाच्या कॅन्सरचा अतिशय आक्रमक प्रकार असू शकतो.

१९६९ साली कॅलिफोर्नियातल्या एका अभ्यासात असं दिसलं होतं, की पहिल्या हीटआधी नसबंदी झालेल्या मादीला हा धोका नसबंदी न झालेल्या मादीच्या तुलनेत अर्धा टक्का उरतो, एका हीटनंतर ८ टक्के आणि दोन किंवा अधिक हीटनंतर २६ टक्के. नंतरच्या अभ्यासकांनी या आकड्यांच्या नेमकेपणावर प्रश्न विचारले आहेत, आणि मोठ्या जातींमध्ये सांध्यांचा विचार करून वय ठरवावं लागतं, तेव्हा डॉक्टरांशी बोलूनच ठरवा. पण हीट लांबवायचं हॉर्मोनचं इंजेक्शन नको. त्याने स्तनांच्या गाठी आणि गर्भाशयात पू होणं, दोन्ही वाढतं.

टीव्हीटी (ट्रान्समिसिबल व्हेनेरियल ट्यूमर): संसर्गाने पसरणारा ट्यूमर

भटक्या कुत्र्यांमध्ये, आणि मोकळी फिरणाऱ्या पाळीव कुत्र्यांमध्येही, आपल्याकडे हा ट्यूमर नेहमी दिसतो. यात विषाणू नसतो. कॅन्सरची जिवंत पेशीच एका कुत्र्यावरून दुसऱ्यावर जाते आणि तिथे रुजते: मिलनातून, चाटण्यातून, हुंगण्यातून. लाल, ठिसूळ, फ्लॉवरसारखा गोळा लिंगावर किंवा योनीत असतो, त्यामुळे बाहेरून गाठ दिसतच नाही. दिसतात ते रक्ताचे थेंब. नरामध्ये लोक लघवीचा संसर्ग समजतात, मादीमध्ये “हीट लांबली” म्हणतात. मादीचा रक्तस्राव चार आठवड्यांपुढे गेला किंवा नराच्या लिंगाच्या आवरणातून रक्त ठिबकू लागलं, तर आवरण मागे सारून आत बघायला सांगा. नाकातही तो होतो: एका नाकपुडीतून रक्त, शिंका, नाकाचा भाग उंचावणं. नाकातून रक्त गोचीड तापातही येतं, म्हणून दोन्ही तपासण्या हव्यात.

यात चांगली बातमी अशी, की बहुतेक कुत्री पूर्ण बरी होतात. व्हिन्क्रिस्टीन हे औषध आठवड्यातून एकदा शिरेतून देतात; साधारण चार ते सहा डोस लागतात. प्रत्येक डोसाआधी पांढऱ्या पेशी मोजायच्या. औषध शिरेबाहेर सांडलं तर तिथलं मांस सडतं, म्हणून सुई पहिल्या प्रयत्नात आणि नीट बसलेली हवी, आणि कुत्र्याला घट्ट धरणारा माणूस हवा. डोसानंतर दोन-तीन दिवस लघवी-शी साफ करताना हातमोजे घाला. घरात गरोदर बाई असेल तर तिने हे काम करू नये. दोन डोसांनी रक्त थांबतं आणि पुष्कळ जण तिथेच सोडून देतात. गोळा पूर्ण दिसेनासा होईपर्यंत डोस सोडायचे नाहीत.

सुईची तपासणी

दवाखान्यात याला एफएनएसी (फाइन नीडल ॲस्पिरेशन सायटॉलॉजी) म्हणतात. २२ किंवा २३ नंबरची सुई, ५ मिलीची सिरिंज, काचेच्या पट्ट्या. भूल लागत नाही, लस टोचण्याइतकंच दुखतं. सुई गाठीत घालून दोन-तीन दिशांना फिरवतात, आत आलेला कण स्लाइडवर फुंकून पसरवतात, हवेवर वाळवतात, रंग देऊन सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. चरबी असेल तर स्लाइडवर तेलाचे न वाळणारे थेंब दिसतात. मास्ट सेल असेल तर जांभळ्या दाण्यांनी भरलेल्या गोल पेशी.

सुई टोचली की कॅन्सर पसरतो, ही भीती त्वचेच्या गाठींबाबत सोडून द्या. ती गाठ न तपासता अंगावर ठेवण्याचा धोका त्याहून कितीतरी मोठा आहे.

जवळ लॅब नसेल तर वाळलेल्या स्लाइड डब्यात घालून कुरिअरने जातात. चार-पाच स्लाइड करून घ्या, नाव पेन्सिलने लिहा, फ्रिजमध्ये ठेवू नका. ओल धरली की पेशी फुटतात. आणि स्लाइडचा डबा फॉर्मॅलिनच्या (काढलेलं मांस टिकवायच्या द्रावणाच्या) बाटलीबरोबर एका पाकिटात कधीही पाठवू नका. फॉर्मॅलिनच्या वाफेने स्लाइड नीट रंग घेत नाहीत आणि नमुना फुकट जातो. मुंबईत १८८६ पासून असलेलं पशुवैद्यकीय महाविद्यालय, तसंच नागपूर, परभणी, उदगीर आणि पुणे-सातारा रस्त्यावरचं शिरवळ इथल्या महाविद्यालयांत विकृतिशास्त्र विभाग आहेत. नमुना पाठवण्याआधी फोन करून वेळ आणि पद्धत विचारा.

रिपोर्टमध्ये “निदानासाठी पुरेशा पेशी नाहीत” असं आलं, तर त्याचा अर्थ गाठ निर्दोष आहे असा नव्हे. पुन्हा सुई लावायची, किंवा बायोप्सी, म्हणजे गाठीचा छोटा तुकडा काढून तपासणी.

सगळ्यात मोठं नुकसान सुईच्या आधी दिलेल्या स्टेरॉइडने होतं. “सूज उतरायचं इंजेक्शन” घेतल्यावर मास्ट सेलची गाठ आणि लिम्फोमा दोन्ही काही दिवस लहान होतात, मालक निश्चिंत होतो, आणि पुढे केलेल्या तपासणीत पेशी बदललेल्या किंवा कमी मिळतात. निदान होईपर्यंत स्टेरॉइड नको, असं डॉक्टरांना आपणहून सांगा. आधीच दिलं असेल तर कधी आणि किती, ते लॅबच्या फॉर्मवर लिहा.

घरी चुना लावणं, घोड्याचा केस किंवा रबरबँड बांधणं, गरम शेक देणं यातलं काही करू नका. बांधलेली गाठ काळी पडून गळते, मूळ आत राहतं, जखमेवर माश्या बसून अळ्या पडतात, आणि तपासायला नमुनाही उरत नाही. माणसांच्या वेदनाशामक गोळ्याही नकोत; आयबुप्रोफेनने कुत्र्याच्या पोटात अल्सर होतात आणि मूत्रपिंडं बिघडतात.

गाठ काढल्यावर

“वय झालंय, भूल सोसणार नाही” असं ठरवण्याआधी रक्तातून मूत्रपिंड-यकृत, हृदयाची तपासणी आणि छातीचा एक्स-रे करा. दहा वर्षांचं कुत्रं या तपासण्यांत नीट असेल तर बहुधा भूल सोसतं. अगदी लहान गाठ तिथल्यापुरती बधिर करूनही निघते.

काढलेली गाठ अख्खी हिस्टोपॅथॉलॉजीला (लॅबमध्ये सूक्ष्मदर्शकाखालच्या तपासणीला) पाठवा, तुकडा नव्हे. १० टक्के फॉर्मॅलिन, गाठीच्या दहापट, रुंद तोंडाच्या डब्यात. अरुंद बाटलीत कोंबलेलं मांस कडक होतं आणि लॅबमध्ये बाहेर निघत नाही. जाड गाठीला आतपर्यंत औषध जावं म्हणून एका बाजूने चीर देतात. कडेला मात्र धक्का लावायचा नाही. स्पिरिट, सलाइन, फ्रीझर यांतलं काहीही चालत नाही. स्तनांच्या चार गाठी काढल्या असतील तर चार डबे, चार चिठ्ठ्या, कारण एक साधी आणि शेजारची घातक असू शकते.

रिपोर्टमध्ये तीन गोष्टी शोधा: गाठीचा प्रकार, ग्रेड (ती किती आक्रमक आहे) आणि कडा (काढलेल्या तुकड्याच्या काठापर्यंत गाठीच्या पेशी आहेत का). मास्ट सेलसाठी १९८४ पासूनची तीन पायऱ्यांची ग्रेड आणि २०११ पासूनची लो-हाय अशी दोन पायऱ्यांची, दोन्ही लिहिलेल्या असतात. “कडा स्वच्छ” असेल तर किती मिलिमीटरने, ते विचारा. कडेपर्यंत पेशी पोचल्या असतील, तर गाठ परत उगवायची वाट न बघता पुन्हा थोडं काढता येईल का, हे टाके निघायच्या आतच बोलून घ्या.

टाके १० ते १४ दिवस. तोवर कोन चोवीस तास. रात्री काढलेल्या कोनामुळेच टाके निघतात. टाक्यांखाली मऊ पाणी साठलं आणि कुत्रा खातोय, ताप नाही, तर कुत्र्याची पळापळ थांबवा आणि डॉक्टरांना फोटो पाठवा. ते बहुधा जिरतं. घातक गाठ असेल तर पहिलं वर्षभर दर तीन महिन्यांनी व्रण आणि त्या बाजूचा लिम्फ नोड तपासून घ्या. व्रणाच्या रेषेवर किंवा शेजारी नवी खडी लागली, तर महिन्याचा नियम तिथे लागू नाही. जुना रिपोर्ट आणि वही घेऊन त्याच आठवड्यात जा आणि सुई लावून घ्या.